टॉवर आपला, डॅक कोणाचा?

सप्टेंबर 2022 मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा चिप कारखाना तळेगावऐवजी गुजरातमध्ये जाणार हे जाहीर झाले, तेव्हा महाराष्ट्रात केवढे रण माजले होते. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले आणि ज्या कारखान्यासाठी दोन राज्ये भांडली तो कोठेच उभा राहिला नाही. सप्टेंबर 2024 मध्ये पनवेलजवळ तळोज्याला इस्रायलची चिपनिर्माती कंपनी टॉवर आणि अदानी यांच्या 83,947 कोटी रुपयांच्या प्रकल्पाला राज्य सरकारने मंजुरी दिली. पुढे त्याचीही बोलणी थंडावल्याच्या बातम्या आल्या. या सगळ्या काळात चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरत राहिली: कारखाना कोणत्या राज्यात, आणि तेथे किती नॅनोमीटरची चिप बनणार (आकडा जितका लहान तितके ट्रान्झिस्टर बारीक आणि तंत्र नवे)? पहिला प्रश्न उघडपणे अस्मितेचा आहे. दुसरा तांत्रिक वाटतो, पण ज्या सुरात तो विचारला जातो त्यावरून तोही अस्मितेचाच ठरतो. एक बाजू म्हणते, गुजरातमधील धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची चिप-कंपनी पीएसएमसी 91,000 कोटी रुपये खर्चून 28 नॅनोमीटरपर्यंतची प्रक्रिया उभी करत आहेत, यापरते यश ते कोणते? दुसरी बाजू म्हणते, तैवान 2 नॅनोमीटरवर पोहोचले असताना या शिळ्या तंत्रावर जनतेचा पैसा का उधळायचा? दोघांच्या हातातली मोजपट्टी एकच आहे, आणि निदान दळणवळणाच्या यंत्रसामग्रीपुरती तरी ती चुकीची आहे.

माझे म्हणणे असे की मोबाइलचा टॉवर, उपग्रहाचे भूकेंद्र, रडार किंवा ऑप्टिकल फायबरचे टोक यांत आपल्याला खरोखर स्वतःच्या पायांवर उभे राहायचे असेल, तर ज्या जागी आकड्याची विद्युतलहर होते त्या जागेवर, म्हणजे अतिवेगवान डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टरच्या रचनेवर, पंधरा-वीस वर्षे चिकाटीने खर्च करावा लागेल. अभियंते त्याला नुसते ‘डॅक’ म्हणतात. डॅकची रचना करण्याची क्षमता कारखान्याआधीही उभी राहू शकते, आणि कारखाना आला म्हणून ती आपोआप येत नाही. पनवेलच्या प्रकल्पावर एवढी शाई सांडली गेली, पण टॉवर ही कंपनी मुळात ॲनालॉग आणि रेडिओ चिपसाठीच ओळखली जाते, हा त्या प्रस्तावातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा किती लेखांत आला?

डॅकचे काम सांगायला सोपे आहे. प्रोसेसरने काढलेला प्रत्येक आकडा त्याने तेवढ्या करंटमध्ये बदलायचा, की त्या करंटच्या चढउतारातून अँटेनाकडे जाणारी लहर तयार होते. 14 बिटांच्या, म्हणजे शून्य-एकच्या चौदा अंकांनी आकडा घेणाऱ्या, डॅकला अशा 16,384 पायऱ्या अचूक काढाव्या लागतात. त्या काढण्याची सर्वांत काटकसरीची पद्धत म्हणजे किराणा दुकानातली वजने: 1, 2, 4, 8 असे दुपटीने वाढणारे करंट-सोर्स, म्हणजे ठरावीक करंट देणारे छोटे परिपथ, ठेवायचे आणि लागतील तेवढे जोडायचे. पण 8,191 वरून 8,192 वर जाताना तागडीतली सगळी लहान वजने एकदम उचलून एकच मोठे वजन ठेवावे लागते, आणि ते मोठे वजन जराही खोटे असले किंवा उचलण्या-ठेवण्याच्या वेळा किंचित चुकल्या, की लहरीत नको तो झटका बसतो. म्हणून वरच्या बिटांसाठी मोठ्या वजनाऐवजी सारख्याच आकाराचे अनेक सोर्स वापरतात आणि खालच्या बिटांसाठी दुपटीची पद्धत ठेवतात. ही तडजोड पाठ्यपुस्तकात एका पानात संपते. प्रत्यक्षात त्या डझनावारी सोर्सच्या स्विचना एकाच क्षणी हलवावे लागते, आणि सेकंदाला 12 अब्ज नमुने काढणाऱ्या, म्हणजे तेवढ्या आकड्यांचा करंट करणाऱ्या, डॅकमध्ये एका नमुन्याच्या वाट्याला सुमारे 83 पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात निर्वातातला प्रकाशही जेमतेम अडीच सेंटीमीटर जातो. चिपवरच्या तारा त्याहून मंद, आणि प्रत्येक तारेची लांबी थोडी निराळी.

येथून पुढे कस लागतो तो निसर्गनियमांशी. फिलिप्समधील मार्सेल पेलग्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये दाखवून दिले की शेजारी-शेजारी बनवलेल्या दोन ‘सारख्या’ ट्रान्झिस्टरमधला फरक त्यांच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. सरळ सांगायचे तर निव्वळ आकाराच्या बळावर अचूकता दुप्पट करायची असेल, तर ट्रान्झिस्टर चौपट मोठा करावा लागतो. पण मोठ्या ट्रान्झिस्टरला चिकटलेली नको असलेली कपॅसिटन्सही, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोठी असते, आणि वारंवारता वाढली की ती करंट-सोर्सचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे आपला करंट ठाम राखण्याची ताकद, खाऊन टाकते, म्हणून मंद लहरीला अचूक असलेला डॅक वेगवान लहरीला बेसूर होतो. त्यावर नमुन्यांचा ताल धरणाऱ्या क्लॉकची थरथर, जिला जिटर म्हणतात, ती वेगळीच. एक गिगाहर्ट्झची लहर काढताना क्लॉक फक्त 100 फेम्टोसेकंदांनी थरथरत असला, तरी सिग्नल आणि नॉइज यांचे गुणोत्तर सुमारे 64 डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही; म्हणजे कागदोपत्री 16 बिटांच्या चिपमधले जेमतेम 10 बिट खरे उरतात. डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा बिटांचा आकडा पाहून डॅक निवडणारा अभियंता लवकरच शहाणा होतो.

या बेसूरपणाची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागते, हे धोरण आखणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे. स्पेक्ट्रमचे पट्टे हजारो कोटींना लिलावात विकले जातात, आणि 4जी-5जीच्या मानकांत मोठ्या टॉवरने शेजारच्या पट्ट्यात सांडलेली शक्ती स्वतःच्या पट्ट्यातल्या शक्तीपेक्षा साधारण 45 डेसिबलने कमी असावी अशी अट आहे. डॅकमधून निघालेल्या भुताटकी लहरी पुढचा ॲम्प्लिफायर फक्त मोठ्या करतो. काही फिल्टरने अडतात, पण सिग्नलला खेटून असलेल्या अडवता येत नाहीत. (नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपाशी बसून आकाशगंगांचा क्षीण रेडिओ आवाज ऐकणाऱ्यांना माणसाच्या यंत्रांतून सांडणाऱ्या लहरी किती छळतात, हे त्यांनाच विचारावे.)

आता नॅनोमीटरकडे येऊ. ॲनालॉग डिव्हायसेस या अमेरिकी कंपनीने 2017 च्या सुमारास बाजारात आणलेला 16 बिटांचा, सेकंदाला 12 अब्जांहून अधिक नमुने काढणारा डॅक 28 नॅनोमीटरच्या प्रक्रियेत बनला, आणि त्या घराण्यातल्या चिप आजही रेडिओ आणि मोजमापाच्या उपकरणांत प्रतिष्ठेने बसलेल्या आहेत. म्हणजे ज्या प्रक्रियेला आपल्याकडे कोणी क्रांती म्हणते आणि कोणी शिळी, त्याच पिढीच्या प्रक्रियेत हे काम जगाने करून दाखवलेले आहे. त्याहून बोलके उदाहरण फुजित्सूचे. 2009 च्या सुमारास त्यांच्या इंग्लंडमधील चमूने 65 नॅनोमीटरच्या साध्या सीमॉस या नेहमीच्या चिप-प्रक्रियेत सेकंदाला 56 अब्ज नमुने घेणारा, उलट दिशेचा म्हणजे लहरीचा आकडा करणारा कन्व्हर्टर रचला आणि 100 गिगाबिटच्या ऑप्टिकल दुव्यांचा मार्ग मोकळा केला. या वेगाला महागडी खास प्रक्रियाच लागते असा तेव्हा बहुतेकांचा समज होता. रचना टेम्सच्या खोऱ्यात झाली, कंपनी जपानी. कारखाना घराच्या अंगणात असल्याशिवाय रचना होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाचे काय करायचे?

तरीही नॅनोमीटरवाल्यांचा एक मुद्दा बिनतोड आहे आणि तो मान्य केला पाहिजे. ट्रान्झिस्टर लहान झाला की स्विच वेगवान होतो, आणि डॅकच्या आधी बसणारे प्रचंड डिजिटल गणित कमी विजेत होते. म्हणून डॅक आता सुटी चिप न राहता मोठ्या चिपच्या पोटात जाऊ लागला आहे. झायलिंक्स या चिप-कंपनीने 2017 मध्ये 16 नॅनोमीटरच्या एफपीजीएमध्येच, म्हणजे हवी तशी जुळवता येणाऱ्या डिजिटल चिपमध्येच, सेकंदाला अनेक अब्ज नमुन्यांचे कन्व्हर्टर बसवले. आणि लांब पल्ल्याच्या ऑप्टिकल दुव्यात तर कन्व्हर्टर आणि सिग्नल-प्रोसेसर एकाच चिपवर असतात, आता थेट 3 नॅनोमीटरपर्यंत. त्या शर्यतीत आज धोलेऱ्याच्या भरवशावर उतरता येणार नाही हे खरे. पण एवढ्यावरून डॅकची विद्या कालबाह्य झाली असा निष्कर्ष काढणे म्हणजे विहीर घरात आली म्हणून पाणी लागत नाही असे म्हणणे होय. 3 नॅनोमीटरच्या चिपमधला डॅकही कोणीतरी माणसाने रचलेला असतो, आणि तेथे व्होल्टेज एका व्होल्टच्याही खाली उतरलेले असल्याने त्याचे काम अधिकच अवघड झालेले असते. ही माणसे 180 आणि 65 नॅनोमीटरवर हात पोळून घेतलेली असतात. खालच्या इयत्ता न करता वरच्या वर्गात बसलेला विद्यार्थी तेथे टिकत नाही, आणि त्या खालच्या इयत्तांची सोय मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीच्या 180 नॅनोमीटरच्या ओळीवर आजही आहे.

दुसरा आक्षेप डिजिटलच्या भक्तांचा आहे. ॲनालॉगमधले सगळे दोष गणिताने पुसता येतात, मग ॲनालॉगवर एवढा जीव का टाकायचा? हा युक्तिवाद अर्धा खरा असल्यामुळे फसवा आहे. मोबाइल टॉवरच्या पॉवर ॲम्प्लिफायरचा वाकडेपणा गणिताने दुरुस्त केला जातो हे खरेच. त्यासाठी सिग्नल आधीच उलट दिशेने वाकवून पाठवतात. पण तो वाकवलेला सिग्नल मूळ सिग्नलच्या तीन ते पाच पट रुंद असतो, आणि तो जातो डॅकमधूनच. म्हणजे 100 मेगाहर्ट्झच्या 5जी सिग्नलसाठी डॅकला 300 ते 500 मेगाहर्ट्झची रुंदी स्वच्छपणे काढता आली पाहिजे. गणिताने ॲम्प्लिफायरचे ओझे उतरवले ते थेट डॅकच्या खांद्यावर. डॅकच्या स्वतःच्या दोषांपैकी करंट-सोर्समधला कायमचा फरक कॅलिब्रेशनने, म्हणजे मोजून केलेल्या दुरुस्तीने, पुसता येतो, तापमानाबरोबर सरकणारा काही अंशी पुसता येतो, पण जिटर हा यादृच्छिक असतो. जे आधी ठाऊकच नाही ते आधी वजा कसे करणार?

सर्वांत बळकट आक्षेप मात्र व्यापाराचा आहे. डॅक विकत मिळतो, तर तो घ्यावा आणि आपली बुद्धी दुसरीकडे लावावी, असे अनेक अनुभवी उद्योजक सांगतात. स्वदेशीवाले यावर निर्यातबंदीचे भय दाखवतात, आणि भय अगदीच निराधार नाही. निर्यातनियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय वासेनार कराराच्या यादीत वेगवान डॅक नावानिशी आहेत: 10 किंवा 11 बिटांचे असतील तर सेकंदाला साडेतीन अब्जांहून अधिक नमुने काढणारे, आणि 12 बिटांपासून पुढचे असतील तर काही अटींसह सव्वा अब्जाच्या वरचे. शस्त्रांत वापरता येण्याजोग्या वस्तूंच्या यादीत एखाद्या चिपची नोंद बिट आणि वेग यांच्या आकड्यांनिशी व्हावी, यातच तिचे मोल कळते. पण प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की डिसेंबर 2017 मध्ये भारत स्वतः त्या करारात सामील झाला आणि 2018 मध्ये अमेरिकेने भारताला परवान्यांच्या सवलतीच्या पहिल्या गटात घेतले. आज भारतीय कंपनीला या चिप मिळत नाहीत असे म्हणणे खोटेपणाचे होईल. नकाराच्या भीतीवर उभारलेली स्वदेशी, नकार उठला की कोसळते. तेवढ्यासाठी हा युक्तिवाद मला नको आहे.

खरे कारण दुसरे आहे. रेडिओची सगळी रचना डॅकपासून मागे आणि पुढे आखली जाते: किती मिक्सर लागतील, कोणते फिल्टर, किती वीज, किती उष्णता, रेडिओच्या एका पेटीत किती पट्टे. 64 प्रक्षेपण-मार्गांच्या 5जी अँटेनात डॅकही 64 मार्गांना पुरवावे लागतात, आणि प्रत्येकाच्या विजेतला थोडासा फरकही पेटीच्या वजनात आणि टॉवरच्या बिलात उतरतो. विकत घेणाऱ्याला ती चिप बाजारात येते तेव्हा दिसते. ती कशी असावी हे ठरते त्याच्या कितीतरी आधी, विक्रेता आणि त्याचे सर्वांत मोठे ग्राहक यांच्या बैठकीत. त्या बैठकीत जो नाही त्याची पेटी नेहमी एक पिढी मागे राहते, मग ती पेटी कितीही देशी असो. सप्टेंबर 2025 मध्ये ओडिशातील झारसुगुडा येथून बीएसएनएलच्या स्वदेशी 4जी जाळ्याचे उद्घाटन झाले. तेजस, सरकारी दूरसंचार संशोधन संस्था सी-डॉट आणि टीसीएस यांनी ते उभे केले हे खरोखर मोठे काम आहे, आणि त्याला हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण सॉफ्टवेअर आपले, पेटी आपली, जोडणी आपली, इतके झाल्यावर उरलेला प्रश्न तरी आता विचारायला नको का?

अशा वेळी पुण्यात हमखास ‘परम’ या महासंगणकाचा दाखला दिला जातो. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला, 1988 मध्ये सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था (नावातल्या ‘डॅक’चा आपल्या डॅकशी संबंध नाही) स्थापन झाली आणि 1991 मध्ये परम 8000 उभा राहिला. तेव्हा डॅकही असाच होईल, असे व्याख्यानांतून ऐकू येते. परमचा अभिमान मलाही आहे, पण तो दाखला येथे बसत नाही. परममध्ये ब्रिटिश इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. आपले चातुर्य होते ते विकत मिळणारे अनेक मध्यम प्रोसेसर एकत्र जुंपण्यात. डॅकच्या बाबतीत हा मार्ग जवळजवळ बंद आहे. मंद डॅक आळीपाळीने चालवून वेग मिळवता येतो, पण त्यांच्यातल्या पातळीचा आणि वेळेचा सूक्ष्म फरक लहरीत नवी भुते सोडतो, आणि ती काढण्यासाठी पुन्हा तीच अचूकता लागते जी टाळायला आपण निघालो होतो. सी-डॉटचा दाखलाही तपासून घ्यावा. 1986 मध्ये कर्नाटकातील कित्तूरला खेड्यासाठीचे पहिले देशी डिजिटल एक्स्चेंज सुरू झाले तेव्हा त्यातल्या महत्त्वाच्या चिप बाहेरच्याच होत्या, आणि त्याने काही बिघडले नाही, कारण आवाजासाठी सेकंदाला 8,000 नमुने आणि 8 बिट पुरत असत. तसे कन्व्हर्टर कोणाकडूनही घेता येत. आजचा वेग त्याच्या पंधरा लाख पट आहे आणि विकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. डॅकला जवळचा दाखला हवाच असेल तर तो क्रायोजेनिक इंजिनाचा आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रशियाकडून मिळणारे तंत्रज्ञान अडले, एप्रिल 2010 मध्ये देशी इंजिनाचे पहिले उड्डाण फसले, आणि जानेवारी 2014 मध्ये यश आले. दोन दशके लागली, कारण जे शिकायचे होते ते कागदावर नव्हते. ते चाचणीच्या ओट्यावर, धातू जळताना पाहूनच शिकता येत होते.

मग आपल्याकडे माणसे नाहीत का? आहेत, आणि भरपूर आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स 1985 मध्येच बंगळूरूला आली, पुढे इतरही आल्या, आणि जगातल्या कित्येक कन्व्हर्टरच्या रचनेत तेथल्या अभियंत्यांचा हात आहे. पण पहिल्या चिपमध्ये काय चुकले, दुसऱ्या खेपेला लेआउट कसा फिरवला, कोणत्या पॅकेजमध्ये कोणती लहर उमटली, ही सगळी स्मृती कंपनीच्या मालकीची राहते. अभियंता नोकरी सोडतो तेव्हा ती बरोबर नेऊ शकत नाही आणि कायद्याने नेऊही नये. देशी प्रयत्न अधूनमधून दिसतात. बंगळूरूच्या सिग्नलचिपने फेब्रुवारी 2019 मध्ये 4जी-5जीसाठी मोडेम आणि रेडिओ चिप मांडल्या. त्या घटनेला मिळालेली प्रसिद्धी आणि मुंबई आयआयटीच्या ‘अजित’ किंवा इस्रोच्या ‘विक्रम’ प्रोसेसरला मिळालेली प्रसिद्धी यांची तुलना करून पाहावी. प्रोसेसरचे कौतुक करू नये असे नाही. पण प्रोसेसरला नाव देता येते, पंतप्रधानांच्या हाती देता येतो, आणि डॅकचे यश लहरींची छाननी करणाऱ्या स्पेक्ट्रम ॲनालायझरच्या पडद्यावर न दिसणाऱ्या रेषांत असते.

सरकारी योजनांतही हाच दृष्टिदोष उतरला आहे. ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमाचे लक्ष्य 85,000 अभियंते घडवण्याचे आहे. महाविद्यालयांना रचनेची महागडी सॉफ्टवेअर मोफत मिळाली, ही त्या कार्यक्रमाची खरी कमाई. पण सिम्युलेशनमध्ये चालणारा डॅक बनवणे हे एका सत्राचे काम आहे. तो सिलिकॉनवर का चालला नाही हे शोधणे ही विद्या, आणि ती दर विद्यार्थ्यामागे किती वेळा चिप बनून परत आली यावर मोजावी लागेल. रचनेसाठीच्या प्रोत्साहन योजनेत एका अर्जाला खर्चाच्या निम्मी, जास्तीत जास्त 15 कोटींची भरपाई मिळते. डिजिटल चिपला ती कदाचित पुरेल, कारण तेथे पहिल्या खेपेत यश मिळण्याची शक्यता बरी असते. वेगवान डॅकला दोन-तीन खेपा धरूनच चालावे लागते, प्रत्येक खेपेला मास्कचा, म्हणजे चिप छापण्याच्या साच्यांचा, खर्च नव्याने, आणि मोजमापाची उपकरणे अशी महाग की ती एकेका स्टार्टअपने घेणे अशक्यच. पुण्यात किंवा बंगळूरूत सामाईक मोजमाप-प्रयोगशाळा, वर्षातून ठरलेल्या तारखांना सुटणाऱ्या सामुदायिक चाचणी-खेपा, आणि देशी डॅक असलेल्या रेडिओला सरकारी खरेदीत पहिली काही वर्षे जास्त भाव, एवढ्यावर 91,000 कोटींच्या तुलनेत नगण्य खर्च होईल. पैसा वाया जाईल का? बराचसा जाईल, आणि लेखापरीक्षकाने त्यावर शेरे मारू नयेत अशी तरतूद आधीच करून ठेवावी लागेल.

धोलेऱ्याच्या कारखान्यालाही मग वेगळे प्रश्न विचारता येतील. त्याच्या 28 आणि 40 नॅनोमीटरच्या प्रक्रियांचे ॲनालॉग मॉडेल कोण मोजणार, ट्रान्झिस्टरमधल्या फरकांची आकडेवारी किती काटेकोर असेल, रेडिओसाठी लागणारे जाड धातूचे थर आणि चांगले कपॅसिटर त्या प्रक्रियेत असतील की नाही, आणि हे सारे मुंबई-मद्रासच्या आयआयटींतल्या विद्यार्थ्याला आणि पिंपरीतल्या पाच जणांच्या कंपनीला कोणत्या अटींवर मिळेल? कारखान्याच्या खर्चाचा मोठा वाटा जनतेच्या पैशातून येतो, तेव्हा ही उत्तरे मागण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि ती मागायची वेळ उत्पादन पूर्ण क्षमतेने सुरू होण्याआधीची आहे. एकदा ओळी मोठ्या ग्राहकांच्या डिस्प्ले ड्रायव्हर आणि पॉवर चिपनी भरल्या, की चाचणीच्या चार वेफरसाठी, म्हणजे सिलिकॉनच्या चकत्यांसाठी, कोणी मशीन रिकामे ठेवणार नाही.